दुतोंड्या

सातपूरला आमच्या शेडमध्ये
बेअरिंगची थरथर मोजणारं एक यंत्र आहे.
त्याच्या पोटातली भाषा गायधनी सरांची,
सी प्लस प्लस, एकोणीस वर्षांपूर्वीची,
तुटक, घाईची,
प्रत्येक ओळीला अर्धविरामाचा खिळा.
वरची भाषा माझी, पायथन, सैल बोलणारी.
मधे दोघींत मिळून एकच ऑब्जेक्ट: कंप.
सर त्याला दुतोंड्या म्हणत,
रामकुंडाजवळच्या मारुतीवरून.
अंग एकच,
पण एक तोंड जिकडे बघतं
ते दुसऱ्याला कधी दिसत नाही.

शुक्रवारी रात्री तो फाइलीत घालायचा होता.
शनिवारी लाइट जाणार होती,
एकतीस तारखेला सर.

मी माझ्या बाजूनं एका ओळीत त्याचं लोणचं घातलं.
(पायथनवाले खरंच लोणचंच म्हणतात याला.)
सगळं बंद करून, पुन्हा चालू करून बरणी उघडली,
तर आत नुसता एक आकडा.
मेमरीतला पत्ता.
गल्ली बरोबर, घर नंबर बरोबर,
पण ते घर मघाशीच गेलेलं.
तिथे आता दुसरंच कुणी राहत होतं
आणि मी दार वाजवलं म्हणून
अख्खा प्रोग्रॅम कोसळला.

सर हसले नाहीत.
कपाखालची बशी पुसत म्हणाले,
"पत्ता कशाला लिहिलास, वैजयंती?
कृती लिही.
कुठल्या साच्यातला, मापं काय, कशानंतर काय.
उठल्यावर तो स्वतःला बांधून घेईल."

मग ते सांगत गेले, मी उतरवत गेले.
नमुने चार हजार शहाण्णव, आठ-आठ बाइटींचे.
धाकटी बाइट आधी, थोरली शेवटी,
"पंगतीला पोरं आधी बसवतात ना, तसं."
चालू असलेले धागे लिहिता येत नाहीत,
त्यांच्या जागी रिकामं ठेव.

"आणि हा एक्स-सात कसला?"

सर बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.
"एका वर्षी नासर्डी शेडमध्ये आली होती.
गुडघाभर.
यंत्राचा डावा पाय खचला थोडा.
तेव्हापासून तेवढं वजा करतो."
कुठेच लिहिलं नव्हतं हे.
कुणी विचारलंच नव्हतं.

सोमवारी लाइट आल्यावर दुतोंड्या उठला.
दोन्ही तोंडांनी एकच आकडा सांगितला,
तिसऱ्या दशांशापर्यंत.
सर त्या दिवशी रजा संपवायला घरी होते.
फोन करावासा वाटला, केला नाही.

जेवणाच्या सुट्टीत फाइल उगाच उघडून बघितली.
तेहतीस किलोबाइट.
चौकोन, प्रश्नचिन्हं, कुठल्या कुठल्या लिपीतली कचकच,
आणि खाली, शेवटच्या ओळीच्या जरा अलीकडे,
एक्स-सातला मी दिलेलं नाव
तेवढं वाचता आलं:

नासर्डी.