ळ

जामनेर रोडला, वेल्डिंगच्या दुकानावर
पत्र्याच्या खोलीत आम्ही तिघं.
सन दोन हजार एक. दोन कॉम्प्युटर, त्यातला एक
लीलाधर नारखेडेच्या बहिणीच्या लग्नातून उरलेल्या पैशांचा
(ती अजून विचारते).

कल्पना साधी: ज्याला लिहायचंय त्यानं लिहावं,
बटण दाबावं, आणि ते दुनियेला दिसावं
तारखेसकट, नवं वर, जुनं खाली.
मुबारक तडवी म्हणाला, म्हणजे ओटाच की.
नाव तेच ठेवलं.

मे महिन्यात खिडकीला ओलं पोतं,
कूलरचं तोंड मशीनकडे, आम्ही बनियनवर.
लाइट गेली की मुबारक जिन्यातून ओरडायचा
वेल्डिंगवाल्यावर, जणू त्यानंच खाल्ली वीज.

फॉन्ट मी काढला, चौकटीत ठिपके भरभरून.
ळ तेवढा उमटेना.
भुसाव□. सका□. बाभू□.
तीन आठवडे त्या चौकोनात डोकं घालून बसलो.
लीलाधरची आई डबा घेऊन आली, वाकून बघितलं:
"येवढं काय त्याचं? आपन कुठी म्हनतो ते अक्षर?
केयी लिहा. जयगाव लिहा."

तसंच सुरू केलं.
यावलच्या नर्सनं रात्रपायी लिहिली,
यार्डातल्या शंटरनं डब्यांचे नंबर,
आणि नंबरांच्या मधेच एकदा, मुलगी झाली.
एकशे बारा माणसं. पैसे कुणी दिले नाहीत,
मागायचे असतात हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

पुण्याचा एक साहेब आला. शेवभाजी खाल्ली,
नाक पुसत म्हणाला, स्केल पाहिजे.
मुबारकनं ड्रॉवरमधून फूटपट्टी काढून दिली.

लीलाधर हैदराबादला गेला.
मुबारक भांडून गेला, तीन हजार आठशेच्या वीजबिलावरून
आणि दुसऱ्या कशावरून तरी, जे दोघंही बोललो नाही.
मग मी एकटा, चौदा महिने. रात्री जिना चढायचा,
मशीन चालू आहे ना बघायचं, उतरायचं.
शंटरनं मनीऑर्डर पाठवली, एक्कावन्न रुपये.
संदेशाच्या जागी: ओटा पडू देऊ नका.

पडला.

ळ तोवर सापडला होता.
त्याचा नंबर मीच चुकून रिकाम्या जागेला दिलेला.
बसवला, सगळ्यांना कळवलं.
कुणी वापरला नाही.
शेवटच्या तारखेखाली शंटरची एकच ओळ आहे:
लिहिण्यासारखं काही नाही. मालगाडी वेयेवर.