सातवा बल्ब

ऑक्टोबरात औलिक्की म्हणाली, काटा दिसत नाही.
साठावर आहे की ऐंशीवर, अंदाजानेच चालवते.
ती पहाटे तीनला बेकरीत निघते,
आणि उसिकाउपुंकीत त्या दिवसांत
तीनला लागलेली पहाट नऊपर्यंत संपतच नाही.

"चष्मा बदल," मी म्हणालो.
"बदलला. आता तू बल्ब बदल."

बहीण आहे. मोठी. वाद नाही.

साब शहाण्णव, रंग मोहरीचा,
मडगार्डच्या कडेला गंजाची झालर.
इथल्याच कारखान्यात जुळलेली गाडी,
आमच्या घरापासून सायकलवर बारा मिनिटं.
मी सीटवर उलटा झोपलो, डोकं पेडलांपाशी,
दातांत टॉर्च,
आणि डॅशबोर्डच्या पाठीमागे हात घातला,
गाय अडली की घालतात तसा,
न बघता, बोटांनीच ओळखत.

वायरींचा गुंता. वाळलेली चिकटपट्टी.
वीस पेन्नींचं एक नाणं, जे आता कुठलंच दुकान घेत नाही.
मग पहिला होल्डर:
पाव वळसा डावीकडे, टक्, बाहेर.
करंगळीच्या नखाएवढा बल्ब,
काचेला आतून काजळी,
जणू पंचेचाळीस वर्षं एवढ्याशा खोलीत
कुणी दार लावून विडी ओढत बसलं होतं.

हाच तो उजेड.
मागच्या सीटवरून रात्री दिसायचा,
बाबांच्या हनुवटीवर खालून पडलेला,
हिरवट, दाट,
गुरुवारच्या वाटाण्याच्या सुपासारखा.
आठवतो का, विचारलं औलिक्कीला.
"मला आठवतं, बाबाही डोळे बारीक करायचे."

नवे एलईडी टुर्कूहून आलेले, पाकिटात सात.
यांचा स्वभाव निराळा.
जुन्याला कसाही खोचा, वीज कुठल्या दारानं आली
तो विचारायचा नाही.
याला उलटं बसवलं की अबोला.
सातातले चार अबोल निघाले.
काढले, फिरवले, परत खोचले. बोटं आखडली.
एक शिवी पेडलांना ऐकू गेली.

संध्याकाळी किल्ली फिरवली.
पांढरं, आखीव, आकडा न् आकडा उघडा.
काचेवरची धूळसुद्धा मोजता आली असती.
"दवाखाना झाला," मी म्हणालो.
"दवाखान्यात दिसतं तरी."

तिसऱ्या रात्री फोन.
लोकालाहतीचा रस्ता, उणे एकोणीस, गाडी निपचित.
आधी हीटर मंदावला म्हणे, मग पुढचे दिवे पिवळे पडले,
मग काहीच नाही, नुसतं जंगल.
"लाल दिवा लागला नाही का गं?"
"लागलेलाच होता की. सारखा.
मला वाटलं, नवीन आहे, उत्साहात असेल."

अर्वी केट्टुनेन, सगळी उमर कारखान्यात वायरिंग केलेला,
हसला नाही. कॉफी ढवळत राहिला.
"चार्जिंगचा दिवा नुसती चहाडी करत नाही, एस्को.
अल्टरनेटरला झोपेतून उठवायला
याच दिव्यातून वीज जाते.
जुना बल्ब खादाड. तो ओढतो, म्हणून मागच्यालाही पोचते.
तुझा हा नवा उपास करून पेटतो.
मागचा निजलेलाच.
त्यात तुझी बहीण चालवते हळू. इंजिन रेटलं असतं
तर उठलाही असता बापडा."

जॅमच्या बरणीतून सातवा परत काढला.
सगळ्यांत काळा तोच होता.
पुसायला गेलो, तर काजळी आतून.
तसाच बसवला. पाव वळसा उजवीकडे.

आता पहाटे तीनला माझ्या खिडकीतून दिसतं:
ती किल्ली फिरवते, सहा पांढरे, एक लाल.
लाल जरा उशिरा उजळतो, म्हाताऱ्यासारखा, हात टेकून.
इंजिन खोकतं, धरतं.
लाल विझतो.
ती हातमोजा वर करते, मला, की काच पुसायला, कळत नाही.

उरलेले सहा फेकून दे म्हणाली. बरणी अजून फळीवर आहे.
आणि ती वीस पेन्नी मी परत डॅशबोर्डमागे टाकली.
वळणावर खुळखुळते.
आवाज कसला, ती विचारत असते.
बघतो म्हणालोय.