उसना

बाबांचं नाव नेव्हिल थ्रेलफॉल.
छापणाऱ्यांनी ते दर शनिवारी निराळं चुकवलं.
रॉचडेल, डार्लिंग्टन, एक्सेटर, पुन्हा डार्लिंग्टन,
मग हेरफर्ड. तिथे मैदानाशेजारी गुरांचा बाजार भरायचा
आणि आई म्हणायची, बरं झालं,
सगळी विक्री एकाच गल्लीत.

चौदा वर्षं, अकरा क्लब,
त्यांतले तीन उसनवारीचे.
वाटीभर साखर द्यावी तसा माणूस द्यायचा,
आणि हिवाळा संपला की
वाटी परत यायची, विसळून.

आईनं किटली कधी खोक्याच्या तळाशी ठेवली नाही.
पडदे नसले तरी चालेल, चहा हवा.
कपबशा ती मागच्या गावच्या पेपरात गुंडाळायची,
त्यामुळे नव्या ओट्यावर बशी सोडवताना
माझ्या हाती यायचं खेळाचं पान:
'थ्रेलफॉलनं पुन्हा संधी दवडली.'
सहाव्या शाळेत बाईंनी विचारलं, तू कुठली गं?
मी म्हटलं, मार्चमध्ये कळेल.

एक्सेटरला एक म्हातारा, डोक्याला लोकरीची टोपी,
दर सामन्याला कुंपणाला टेकून ओरडायचा,
'थ्रेलफॉल, घरी जा!'
एकदा बाबा चेंडू आणायला त्याच्यापाशी गेले
आणि खरंच विचारलं, 'कुठल्या?'

गोल सत्त्याण्णव.
बाबा अठ्ठ्याण्णव म्हणतात.
हार्टलपूल, समुद्रावरून आडवा वारा,
कोपऱ्यातून आलेला चेंडू बाबांच्या पाठीला लागला
की पिकर्सगिलच्या ढोपराला,
हे त्या वाऱ्यालाच ठाऊक.
कागदोपत्री तो पिकर्सगिलच्या नावावर चढला,
स्वतःच्याच जाळ्यात मारलेला.
पिकर्सगिल अजून नाताळला कार्ड धाडतो.
आत एवढंच असतं: 'घे बाबा, तुझाच होता.'
सव्वीस कार्डं झाली.
आकडा काही हलला नाही.

आता ते गाडी शिकवतात.
उजवा गुडघा जिना चढताना
जुन्या दारासारखा वाजतो.
एकोणचाळिसाव्या वर्षी मीही त्यांच्याकडेच शिकले;
नवऱ्याकडून शिकण्यापेक्षा बरं.

पावसाळी दुपार, डार्लिंग्टनबाहेरचा गोल चौक,
उजवीकडून ट्रकमागून ट्रक.
मी थांबले. अजून थांबले.
'जागा दिसायची वाट बघतेस,' बाबा म्हणाले,
'दिसली की ती गेलेलीच असते.
ती आता होणार आहे, त्या पांढऱ्या व्हॅनच्या मागे.
होण्याआधी नीघ.'

त्यांच्याही पायाशी एक ब्रेक असतो.
तो खराब गुडघा त्यावर टेकलेला मला दिसला.
मी निघाले.
त्यांनी दाबला नाही.

मागून कुणीतरी लांबलचक हॉर्न वाजवला.
'वाजवू दे,' बाबा म्हणाले,
खिडकीची काच हातानं पुसत.
'शनिवार आहे.'