अंदाजपत्रक

व्हिएन्ना. मार्च छप्पन्न.
नगरपालिकेनं पाठवलंय मला आउगार्टन बागेत,
तोफांचा बुरूज पाडायला सुरुंगाची दारू किती लागेल
ते कागदावर मांडायला.

भिंत अडीच मीटर. छत साडेतीन.
आत लोखंड किती, कुठे, कुणालाच माहीत नाही.
नकाशे कुणीतरी शेगडीत घातले त्या हिवाळ्यात;
सगळेच काही ना काही घालत होते.

जिना मात्र मला पाठ आहे.
एकशे ब्याऐंशी पायऱ्या.
पंधराव्या वर्षी इथेच बसून लॅटिनची क्रियापदं घोकायचो,
भोंगा झाला की वही पोटाशी खोचून वर.
गोळा उचलायला दोघं लागत, मी आणि क्विरिन.
क्विरिनचा डावा कान पहिल्याच आठवड्यात गेला,
मग तो सगळ्यांशी ओरडूनच बोलायचा, अगदी गुपितंसुद्धा.

आम्ही जे आभाळात फेकायचो
ते आभाळ ठेवून घेत नसे.
दुपारभर आमचंच लोखंड
आमच्याच कौलांवर परत यायचं.
संध्याकाळी पोरं वेचायची ते,
हात पोळत असतानाही,
आणि मोठा तुकडा देऊन दोन गोट्या घ्यायची.
विमान? एक पडलं.
आम्हीच पाडलं, असं आम्हाला सांगण्यात आलं.

चौथ्या मजल्यावर, भिंतीत उमटलेल्या
फळ्यांच्या रेषांमध्ये
ओल्या काँक्रीटमध्ये दाबलेला एक अंगठा.
शेजारी तीन रशियन अक्षरं.
पकडून आणलेले मजूर होते ते.
भोंगा वाजला की दार लागायचं,
आणि ते दाराच्या बाहेर असायचे.
मी माझा अंगठा तिथे ठेवून पाहिला.
मावत नाही.
ठसा लहान आहे.

मोजपट्टी गुंडाळत होतो, तेवढ्यात
समोरच्या नऊ नंबरातल्या नोटबुर्गाबाई
एप्रनला हात पुसत रस्ता ओलांडून आल्या.
‘काचा किती फुटतील?’
म्हटलं, गल्लीतल्या सगळ्या.
‘माझ्या परवा बसल्या.
अकरा वर्षं पुठ्ठा होता.
पुठ्ठ्यातून सकाळ झालेली कळत नाही हो.’
आणि गेल्या; चुलीवर बटाटे होते.

मी बराच वेळ उभा होतो.
एवढ्या दारूनं बुरुजाचा टवकाही नीट उडेल की नाही,
सांगता येत नाही.
नोटबुर्गाबाईंच्या काचेचं मात्र
छातीठोक सांगता येतं.

घरं वाचवायला बांधला होता हा.
किती वाचली, ते मला विचारू नका.
आता घरं त्याला वाचवतायत.

‘शेरा’च्या रकान्यात लिहिलं:
पाडणे अशक्य.
कारण: काचा.
साहेब हसतील. हसू देत.

उतरताना पायऱ्या मोजल्या, जुन्या खोडीनं.
एकशे एक्याऐंशी.
परत वर गेलो, परत मोजल्या.
एक कमीच भरते.