समासातलं क्राकोव

अनुदानाच्या गठ्ठ्यातून आलेली कादंबरी. अनुवादित.
पोलंडमधलं जुनं क्राकोव, आणि तिथं राहणारी
तिथली नसलेली माणसं.
सहा वर्षांत कुणी नेली नाही.
विट्यात कोण नेणार. मीही नेली नव्हती,
पाठीवर नंबर टाकला, ३१७४,
आणि खालच्या फळीत सारली, शेतकी मासिकांशेजारी.

मग हिंदुराव देवकरांनी नेली.
गलाईवाले. त्रिशूरला एकोणचाळीस वर्षं.
आता गुडघे गेलेत, दुकान भाच्याकडे,
आणि मी कुलूप काढायच्या आधीच
पायरीवर बसलेले असतात, पेपरसाठी.
बोटांना धड नखं नाहीत, ॲसिडनं खाल्लेली.
"जाडजूड द्या कायतरी," म्हणाले, "झोप लागत न्हाई."

चार महिन्यांनी परत आणली.
वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली,
आणि आत, समासभर, पेन्सिल.

नियम आठवा : पुस्तकात लिहिल्यास किंमत वसूल.
मी खोडरबर घेऊन बसले.
मागच्या गल्लीत यंत्रमाग चालू होते.

पान अकरा. आर्मेनियाची एक शिवणारी बाई
पोटमाळ्यावरची खोली बघायला येते.
"भाडं किती ते लिवलं न्हाई."
पान चोवीस. मनोऱ्यावरचा बिगूलवाला
दर तासाला सूर धरतो आणि मधेच तोडतो.
"का थांबतो?"
पान सव्वीस. जुनी लढाई, गळ्यात बाण.
"बरं."
पान साठ. पेरूहून आलेला रात्रीचा पहारेकरी
जिन्यात बसून पावाशी मिरची खातो.
"आमी वर्षाची चटणी न्यायचो. श्रावणात संपायची.
मग डब्याचा वास."

इथं मी रबर खाली ठेवलं.

दर मंगळवारी ही सगळी एका लाँड्रीत जमतात,
कपडे वाळेपर्यंत बोलतात
कुणाचीच नसलेल्या मोडक्या भाषेत.
"आमचं रविवारी. बाजार बंद."

पान दोनशे तीन.
पियानो लावून देणारा आयरिश म्हातारा मरतो,
आणि कळवायचं कुणाला, हे कुणालाच माहीत नसतं.
इथली पेन्सिल समासात मावलेली नाही,
पान फिरवत फिरवत वाचावं लागलं :
"सर्जेराव गेला तवा मूस भट्टीवर होती.
सोनं दुसऱ्याचं. आधी ते उतरवलं,
वजन करून दिलं, मग त्याच्याजवळ बसलो.
पत्ता न्हाई. उशाखाली मनिऑर्डरीची पावती,
शिक्का पुसट. बलवडी एवढंच वाचाय आलं.
पर खानापूरची का भाळवणीची?
दोन्हीकडं तार केली.
दोन्ही गावांत एकेक सर्जेराव गलाईला गेल्याला.
दोन्ही घरं रडली."

त्यापुढं शंभरेक पानं कोरी.

शेवटच्या पानावर ती आर्मेनियाची बाई
तिकीट हातात घेऊन फलाटावर उभी,
आणि गाडी तिला न घेता हलते.
त्याखाली एक ओळ आहे, मल्याळममध्ये.
मुशीतला थेंब गार होताना गोल होतो
तशी अक्षरं, एकमेकांना न चिकटलेली.
मला येत नाही. शेजारची रत्नप्रभा
पालघाटला दहावीपर्यंत शिकलेली आहे,
एका मिनिटात वाचून दाखवेल.
अजून विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते पायरीवर होतेच.
"हिचा दुसरा भाग हाय का?"
नाही म्हटलं.
"म्हंजे उभीच ऱ्हायली."

पुस्तकाच्या किमतीचं मी बोलले नाही.
उशिराचा दंड मात्र चाळीस रुपये झाला होता,
तो त्यांनी मोजून दिला, सुट्टे.
मी पावती फाडली, शिक्का मारला.
त्यांनी ती दाराच्या उजेडात धरली,
डोळे बारीक केले, आणि परत टेबलावर ठेवली.
"पुन्यांदा मारा," म्हणाले.
"गावाचं नाव उठलं न्हाई."