डावं-उजवं

खिशात सहाशे डॉलर, टर्की-प्लांटच्या ओव्हरटाइमचे,
आणि मृण्मयीच्या कोचची चिठ्ठी:
सेमी-ऑटो, बारा बोअर, धक्का कमी, अडकणार नाही अशी.
‘अडकणार नाही’खाली दोन रेघा.

विलमारमध्ये मार्च लागला तरी तळं उघडलेलं नाही.
आर्लो स्कोग्लुंडच्या दुकानात हीटरपाशी कुत्रं झोपलंय
आणि भिंतीवर बंदुका,
भांड्यांच्या दुकानात पळ्या टांगाव्यात तशा.
पळ्यांमधलं मला कळतं. यांतलं काही नाही.

आर्लो एकेक उतरवतो.
ही तुर्की, चारशेत कोरी, चमकते छान,
हलकं काडतूस दिलं की रुसते.
ही इटलीची, वीस वर्षं ब्र काढणार नाही.
किंमत ऐकून मीही काढत नाही.
ही धक्क्याच्याच जोरावर चालते, आत फारसं काही नाही,
खांद्याशी मात्र रोखीने व्यवहार.
ही धुराच्या दाबावर. धक्का निम्मा,
पण काजळी धरते चुलीवरच्या पातेल्यासारखी.
घासायचा कंटाळा असेल तर घेऊ नकोस, म्हणतो.

घासायचा कंटाळा
आमच्या घरात कुणाला परवडलेला नाही.

खांद्याला लावून बघ, पोरी.
ती लावते. डाव्या.
आर्लो नुसतं ‘हं’ म्हणतो.
रिकामं काडतूस उजवीकडून उडतं,
डावखुऱ्याच्या नाकासमोरून, गरम.
एखादं चालतं. रोज शंभर नाही.

मग डोळ्याची परीक्षा:
दोन्ही पंजे जोडून मधे भोक ठेवा,
त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा, एकेक डोळा मिटा.
मृण्मयीचं घड्याळ डाव्या डोळ्यात राहतं.
गंमत म्हणून मीही केलं. माझंही.

मी उजव्या हाताने लिहितो, जेवतो, सही करतो.
सात वर्षांचा होईपर्यंत नव्हतो करत.
मग वडनेरे बाई आल्या, आणि त्यांची लाकडी पट्टी.
हे मी घरात कधी बोललेलो नाही.
मृण्मयी घड्याळाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

आर्लो मागच्या खोलीतून एक घेऊन येतो.
दस्त्याचं लाकूड गालापाशी झिजलेलं,
सेफ्टीचं बटण उलट, काडतुसाची खिडकी उलट.
चार वर्षं पडून आहे.
लोक उचलतात, खांद्याला लावतात, ठेवून देतात.
आमच्याकडे याला शब्द आहे: डावललेली.
तो इंग्रजीत सांगायला गेलो आणि मधेच सोडून दिला.

साडेचारशे. वर नऊ डॉलरची रबरी रिंग,
तीच काय ती अधूनमधून बदलायची.
स्वस्तातली पन्नास काडतुसं चालव. अडकली तर परत आण.

फॉर्म. ग्रीन कार्डाचा नंबर मला पाठ आहे.
आर्लो फोन लावून थांबतो.
कुत्रं कूस बदलतं. होकार येतो.

शनिवारी क्लबवर पाच मुलं एका रांगेत.
पुल! मृण्मयी ओरडते. घरात हा आवाज मी ऐकलेला नाही.
केशरी तबकडी बर्फावरून उठते आणि फुटते,
किंवा न फुटता मक्याच्या वाळक्या धांड्यांत जाऊन पडते.
पंचवीसपैकी तेरा.
अडकली एकदाही नाही.
रिकामी काडतुसं डावीकडे उडतात, ईस्टनच्या बुटांवर.
तिसऱ्याला तो दोन पावलं सरकतो.
ती सॉरी म्हणते, पण हसू दाबून.

रात्री किचनच्या टेबलावर वर्तमानपत्र, जुना टूथब्रश.
ती धरते, मी घासतो.
बाबा, तुझा त्या हाताने जोर जास्त लागतो.
मी बघतो. ब्रश कधी बदलला कोण जाणे.
थांबू नकोस, ती म्हणते,
खाचेत अजून काळं आहे.