गोबीतला मुक्काम

तंबूची मेख ठोकायला बसलो
तर दुल्मा म्हणाली, इथं नको,
इथं गेल्या साली पाणी होतं,
जमीन वरूनच वाळलीय.

मागं पाहिलं: तीन दगडांची काळी चूल,
तिच्यामागं आणखी एक,
आणि पार टेकडीखाली तिच्या सासऱ्याची,
तिच्यात सरड्यांचं बिऱ्हाड.
दर उन्हाळ्यात एक चूल उतरत आली
ओरोगच्या पाण्यामागं.

रात्रभर वारा कापडावर वाळू चाळत होता.
खारट चहा. गोवऱ्यांचा धूर.
सगळंच आटलं तर? मी विचारलं.

मग मधोमध मांडायची.
आईनं मांडली होती एकदा.
पाणी रात्रीतून परत आलं,
भांडीकुंडी घेऊन गेलं.
पातेली सापडली नंतर, चिखलात.
पळी तेवढी अजून
त्याच्याकडून येणं आहे.